न्यू ऑर्लिन्सची कॉकटेल्स आणि औषधवाल्याची लाल बाटली

खलबत्ता (धागाकर्ती)

मी शिक्षणाने फार्मासिस्ट. पुण्यात शिकले, आता बरीच वर्षं ह्यूस्टनला आहे. इथून न्यू ऑर्लिन्स गाडीने साडेपाच-सहा तास, त्यामुळे भारतातून कुणी आलं की तिथली एक फेरी ठरलेली असते. गेल्या महिन्यात मामेबहीण आली होती. फ्रेंच क्वार्टरमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या भागात, हिंडताना गाईडने आम्हाला रॉयल स्ट्रीटवर ४३७ नंबरच्या दारासमोर थांबवलं आणि सांगितलं, "कॉकटेल हा शब्द इथे जन्मला."

त्याने सांगितलेली गोष्ट अशी. १८३०च्या दशकात इथे आंत्वान आमेदे पेशो नावाच्या माणसाचं औषधांचं दुकान होतं. घराणं सँ-दोमँगमधलं, म्हणजे आजच्या हैतीमधलं. त्याने मुळं-साली मद्यार्कात मुरवून एक लाल रंगाचा कडू अर्क बनवला होता, पोट बिघडलं की घ्यायचा. संध्याकाळी मित्र जमले की तो हाच अर्क ब्रँडीत घालून अंडं ठेवायच्या कपातून द्यायचा. त्या कपाला फ्रेंचमध्ये 'कोकतिए' म्हणतात. अमेरिकनांच्या तोंडी त्याचं झालं कॉकटेल.

गोष्ट गोड आहे आणि तिथल्या जवळजवळ प्रत्येक गाईडच्या तोंडी ती आहे. पण तारखा जुळत नाहीत. पेशोचा जन्म १८०३चा. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमधल्या एका वर्तमानपत्रात 'कॉकटेल' हे पेय म्हणून छापून आलं होतं. १३ मे १८०६ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका पत्राने एका वाचकाच्या शंकेला उत्तर देताना व्याख्याच दिली: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (म्हणजे असलाच कडू अर्क). तेव्हा पेशो तीन वर्षांचं पोर होता.

तरीही मी त्या दारासमोर बराच वेळ उभी राहिले, कारण शब्द त्याचा नसला तरी ती लाल बाटली त्याचीच. 'पेशोज बिटर्स' आजही मिळतात. जेन्शियनच्या मुळाचा कडूपणा, बडीशेपेच्या जवळ जाणारा गोडसर वास आणि तो कुंकवासारखा रंग. माझ्या व्यवसायातल्या माणसाचं औषध जवळजवळ दोनशे वर्षांनी प्रत्येक चांगल्या बारच्या फळीवर उभं आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथून चार पावलांवर, ५१४ चार्ट्रेस स्ट्रीटला औषधांचं संग्रहालय आहे. १८२३ साली बांधलेली ती जागा लुई द्युफिलोची. १८१६ साली परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हा अमेरिकेतला पहिला औषधविक्रेता मानला जातो. बरण्या, खल, जळवांची भांडी हे सगळं बघितलं की बार आणि औषधांचं दुकान तेव्हा किती शेजारी-शेजारी होते ते कळतं.

पेशोच्या बाटलीला ज्याने जगभर नेलं ते कॉकटेल म्हणजे सॅझरॅक. १८५०च्या दशकात एक्स्चेंज अ‍ॅलीत 'सॅझरॅक कॉफी हाऊस' होतं (त्या शहरात दारूच्या गुत्त्यालाही कॉफी हाऊस म्हणत). नाव पडलं ते तिथे येणाऱ्या 'सॅझरॅक द फोर्ज' या फ्रेंच कॉन्यॅकवरून (कॉन्यॅक म्हणजे फ्रान्सच्या त्या नावाच्या भागातली ब्रँडी). पुढे १८७०च्या सुमारास टॉमस हँडीने ते घेतलं, पेशोच्या बिटर्सचे हक्कही त्याच्याकडे आले. त्याच काळात फ्रान्समध्ये फायलोक्झेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे संपवले, कॉन्यॅक मिळेना, आणि पेल्यात राय व्हिस्की आली. सॅझरॅकच्या पेल्याला आतून बडीशेपेच्या वासाची कडक दारू लावत, ती अ‍ॅब्सिंथ. १९१२ साली अमेरिकेत अ‍ॅब्सिंथवर बंदी आली, मग दुसरं बडीशेपेच्या वासाचं काहीतरी शोधावं लागलं. १९३४ला शहरातल्याच लजाँद्र नावाच्या माणसाने 'अर्बसँ' काढलं, ते आजही वापरतात.

मला या धाग्यात हेच मांडायचं आहे. या शहरातली प्रसिद्ध कॉकटेल्स कुणा एकाच्या डोक्यातून निघाली असं सांगतात, पण मी जेवढं वाचलं त्यात प्रत्येक पेल्यामागे काहीतरी मिळेनासं झालेलं दिसतं. हैतीत क्रांती झाली, पेशो घराण्याचं घर सुटलं. कीड पडली, ब्रँडी गेली. कायदा आला, अ‍ॅब्सिंथ गेलं. तुमच्यापैकी कुणी यावर वाचलं असेल, तिथे राहिलं असेल, किंवा बारमागे काम केलं असेल तर जरूर लिहा.

कोकमकढी

सुरेख लिहिलंय. मी घेत नाही, पण जेन्शियनचा उल्लेख वाचून आजीचं काडेचिराईत आठवलं. रात्री पेल्यात काड्या भिजत घालायची आणि सकाळी नाक दाबून प्यायला लावायची. बिटर्स म्हणजे तसंच काही का?

खलबत्ता

कोकमकढी, अगदी तसंच, आणि नातंही आहे! चिराईत आणि जेन्शियन एकाच कुळातल्या वनस्पती. कडू चव जिभेला लागली की लाळ सुटते, भूक चाळवते, म्हणून दोन्हीकडे जेवणाआधी द्यायची पद्धत पडली. आजीने पाण्यात भिजवलं, पेशोने मद्यार्कात, एवढाच फरक. मद्यार्कात अर्क जास्त उतरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

आणखी एक नातं सांगते. अ‍ॅब्सिंथ ज्या वनस्पतीमुळे अ‍ॅब्सिंथ होतं ती आणि आपला दवणा एकाच प्रजातीगटातले. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. सॅझरॅकचा पेला पहिल्यांदा नाकाशी नेला तेव्हा मला वाडी रत्नागिरीच्या पायऱ्याच आठवल्या होत्या. बडीशेपेचा वास वर, आणि खाली तो हिरवा, थोडा उग्र वास.

जुनी कात्रणं

धागा आवडला, म्हणूनच एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवतो.

कॉन्यॅक संपलं म्हणून राय आली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात आणि आता ती बाटल्यांवरही छापली जाते. पण 'सॅझरॅक कॉकटेल' या नावाने छापील कृती शोधायला गेलं तर ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडते, आणि तिच्यात व्हिस्की आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा बारटेंडर बूथबी याच्या १९०८च्या पुस्तकात टॉमस हँडीच्या नावावर जी कृती आहे तीही व्हिस्कीचीच. त्या कॉफी हाऊसमध्ये १८५०च्या दशकात ब्रँडी, साखर आणि बिटर्स घालून कॉकटेल देत असतील हे अगदी शक्य आहे, तेव्हा सगळीकडेच देत. पण त्याला सॅझरॅक म्हणत होते याला कागद नाही. पेयांच्या इतिहासावर काम करणाऱ्या डेव्हिड वाँड्रिचने हा मुद्दा कागदपत्रांच्या आधारे बऱ्याच वेळा मांडला आहे.

दुसरं, कॉन्यॅक पिंपात वर्षानुवर्षं मुरतं. मळे गेले म्हणून दुसऱ्या वर्षी बाटली संपत नाही. आणि राय व्हिस्की पेनसिल्व्हेनियातून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून न्यू ऑर्लिन्सला फार आधीपासून येत होती. म्हणजे ती ब्रँडीच्या जागी बोलावलेली परकी पाहुणी नव्हती, घरातलीच होती.

माझा आग्रह एवढाच की औषधवाल्याच्या गोष्टीला जी तारखांची कसोटी तुम्ही लावलीत तीच किडीच्या गोष्टीलाही लावा.

द्राक्षबाग

वरच्या प्रतिसादातलं पेयांचं मला कळत नाही, पण फायलोक्झेरा हा शब्द बघून थांबलो. आम्ही निफाड तालुक्यातले, तीन पिढ्या द्राक्षं.

ही कीड मुळावर बसते. अगदी बारीक, उवेसारखी. युरोपातल्या वेलीच्या मुळांना तिच्या डंखाने गाठी येतात, मुळं सडतात आणि वेल वरून वाळत जातो. ती मूळची अमेरिकेतली, म्हणून अमेरिकेतल्या जंगली वेलींना तिची सवय झालेली. १८६०च्या दशकात ती जहाजातून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्सला पोचली. औषधं, धूर, जमिनीत पाणी भरून ठेवणं, सगळं करून झालं. शेवटी उपाय एकच निघाला: खाली अमेरिकन वेलीचा खुंट आणि वर फ्रेंच द्राक्षाची काडी. कॉन्यॅक भागातली माती चुनखडीची, तिथे सगळे खुंट चालेनात. तेव्हा टेक्सासमधल्या डेनिसन गावच्या मन्सन नावाच्या माणसाने चुनखडीत टिकणारे जंगली वेल शोधून दिले. १८८८ला फ्रान्सने त्याचा सन्मान केला, आणि डेनिसन आणि कॉन्यॅक आज भगिनी-शहरं आहेत.

आमच्याकडे ज्या डॉगरीज खुंटावर आम्ही कलम भरतो तोही टेक्सासच्या जंगली वेलीतूनच निवडलेला आहे. आम्ही तो किडीसाठी लावत नाही. पाण्याची टंचाई आणि क्षारपड जमीन यांच्यासाठी लावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावायचा, पावसाळा उतरता कलम भरायचं. ताई, तुमच्या ह्यूस्टनपासून आमच्या शेतापर्यंत असा एक वेल आलेला आहे.

खलबत्ता

जुनी कात्रणं, मनापासून आभार. तुमचं बरोबर आहे. मी एका दंतकथेची तारीख तपासली आणि दुसरी तशीच पुढे ढकलली. मूळ लेखात बदल करत नाही, कारण तुमचा प्रतिसाद त्याच्याखाली वाचला जावा असं वाटतं. कॉन्यॅकच्या बाबतीत माझं म्हणणं टिकत नाही. अ‍ॅब्सिंथच्या बाबतीत टिकतं असं मला अजून वाटतं: बंदी १९१२ची, अर्बसँ १९३४चं, आणि २००७मध्ये अ‍ॅब्सिंथ पुन्हा विकायला परवानगी मिळाल्यावरही शहरातले कित्येक बारवाले अर्बसँच वापरतात. दोन पिढ्यांची जीभ त्याच्यावर तयार झाली.

द्राक्षबाग, तुमचा प्रतिसाद मी घरात सगळ्यांना वाचून दाखवला. डेनिसन इथून पाच तासांवर आहे. आता जायलाच हवं.

सागरगोटी

सॅझरॅकबद्दल मला ठाऊक असलेली एक तारीख: २६ सप्टेंबर १९४९. त्या दिवशी बॅरोन स्ट्रीटवर सॅझरॅक बार नव्या जागेत उघडला आणि पहिल्यांदाच बायकांना एरवीच्या दिवशी आत घेतलं. त्याआधी बायकांना फक्त मार्डी ग्राच्या (तिथल्या कार्निव्हलच्या) दिवशी प्रवेश असे. बातमी पसरली तशा बायका झुंडीने आल्या. शहरात दरवर्षी त्या दिवसाची आठवण जुन्या काळचे पोशाख घालून साजरी करतात.

मी तिथे नोकरीनिमित्त तीन वर्षं होते. बार आता रूझवेल्ट हॉटेलमध्ये आहे, लाकडी भिंतींवर पॉल नायनासची मोठी चित्रं आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा एकटीच होते. बारटेंडरने दोन बुटके पेले घेतले, एकात बर्फ भरून तो गार करत ठेवला. दुसऱ्यात साखरेचा खडा, त्यावर लाल बिटर्सचे शिंतोडे, आणि लाकडी दांडीने चुरडणं. मग राय, बर्फ, ढवळणं. पहिल्या पेल्यातला बर्फ फेकला, त्यात अर्बसँ ओतून पेला हवेत फिरवला, आतून सगळीकडे लागलं की उरलेलं ओतून टाकलं. त्यात गाळून दिलं, बर्फाशिवाय. वरून लिंबाच्या सालीचं तेल उडवलं. मला ते एखाद्या पूजेच्या तयारीसारखं वाटलं, प्रत्येक गोष्ट आपल्या जागी.

बोरीबंदर

टंचाईचंच बघायचं असेल तर 'हरिकेन' घ्या. तिथे तुमचा मुद्दा बरोबर बसतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या व्हिस्कीच्या भट्ट्या युद्धासाठी औद्योगिक अल्कोहोल बनवायला लावल्या. व्हिस्की दुर्मिळ झाली. रम मात्र कॅरिबियन बेटांवरून न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात भरपूर येत होती आणि तिला गिऱ्हाईक नव्हतं. मग घाऊक विक्रेते बारवाल्यांना सांगत की व्हिस्कीची एक पेटी हवी असेल तर रमच्या बऱ्याच पेट्या उचला. पॅट ओब्रायन्स या बारमध्ये अशी रम साठली. तिच्यात पॅशन फ्रूटचा पाक आणि लिंबाचा रस घालून त्यांनी पेय काढलं आणि वादळी कंदिलाच्या काचेच्या आकाराच्या उंच ग्लासात द्यायला सुरुवात केली. नाव त्या कंदिलावरून पडलं. तो बार १९४२पासून सेंट पीटर स्ट्रीटवर त्याच जागी आहे.

एक सूचना मात्र करतो. तिथल्या रस्त्यांवर हरिकेनच्या नावाने बऱ्याच ठिकाणी लाल पावडरीचं सरबत मिळतं. मी एका ठिकाणी घेतलं (नाव देत नाही), आणि दुसरा दिवस डोकं धरून हॉटेलात काढला. ताजं लिंबू आणि खरा पाक असेल तरच घ्या.

बारामागून

मी मुंबईत आणि नंतर दुबईत मिळून बावीस वर्षं बारमागे उभा राहिलो. या धाग्यावर रेमोस जिन फिझ आली नाही तर तो अपुरा राहील.

हेन्री रेमोसने ती १८८८ साली ग्रॅव्हिए स्ट्रीटवरच्या 'इम्पीरियल कॅबिनेट' सलूनमध्ये (तिकडे सलून म्हणजे बार) काढली. जिन, लिंबाचा रस, हिरव्या लिंबाचा रस, पिठीसाखर, अंड्याचा पांढरा बलक, दोन मोठे चमचे साय किंवा दाट दूध, नारिंगाच्या फुलांच्या पाण्याचे तीन-चार थेंब, बारीक बर्फ, आणि शेवटी सोडा. वाचायला सोपं आहे. करायला बसलात की कळतं.

यात तीन गोष्टी एकमेकांशी भांडतात. लिंबू सायीला फाडायला बघतं. बलकाचा फेस हवा धरून ठेवतो, पण साईतली चरबी तो फेस मोडते. नारिंगाच्या फुलांचं पाणी एक थेंब जास्त पडलं तर पेल्याला साबणाचा वास येतो. हे सगळं एकत्र धरायचा उपाय एकच: हलवणं, पुन्हा हलवणं, इतकं की बर्फाचा आवाज येईनासा होतो आणि शेकरमधलं द्रव दोरीसारखं ओघळायला लागतं. बारा मिनिटं हलवायचं अशी त्या पेयाची ख्याती. मी घड्याळ लावून एकदा पूर्ण बारा मिनिटं केलं आहे. सातव्या मिनिटाला हात आपला राहत नाही. बोटं शेकरला चिकटतात, कारण धातूवर बाहेरून बर्फ धरतो. हल्ली बहुतेक जण आधी बर्फाशिवाय, मग बर्फाबरोबर दोन-तीन मिनिटं हलवतात, आणि पेला थोडा वेळ गार ठेवून मग सोडा ओततात. फेस ग्लासाच्या वर बोटभर उभा राहतो. चांगलं जमलं तर चव हलक्या, सुगंधी, आंबटगोड लस्सीच्या जवळ जाते.

आता माझ्या मनातलं. रेमोस हे एकटा करू शकत नव्हता. त्याच्याकडे शेकर हलवायला रांगेने माणसं उभी असत. एक थकला की शेकर पुढच्याच्या हातात. १९१५च्या मार्डी ग्राला अशी ३५ माणसं एका वेळी हलवत होती. त्यांना 'शेकर बॉइज' म्हणत. ते कृष्णवर्णीय तरुण होते. पेयाला नाव रेमोसचं लागलं, आणि या ३५ जणांपैकी एकाचंही नाव मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या हाताखाली काम केलेल्या पोरांची नावं मला आजही पाठ आहेत, म्हणून हे मला फार लागतं. धागाकर्तीने म्हटलंय की प्रत्येक पेल्यामागे काहीतरी मिळेनासं झालं. या पेल्यामागे नावं मिळेनाशी झाली.

कोकमकढी

बारामागून, हा प्रतिसाद दोनदा वाचला. वेगळा धागा काढून तुमचे अनुभव लिहा ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

उंबरठा

सगळे इतक्या आत्मीयतेने लिहीत आहेत, त्यामुळे लिहू की नको असं झालं. माझे वडील दारूने गेले. आमच्या घरात बाटलीचा आवाज म्हणजे आईचा चेहरा उतरणं. अशा लेखांमध्ये दारूचं फक्त सुंदर रूप दिसतं आणि ते वाचताना मला त्रास होतो. कुणाला दुखवायचं नाही, पण हेही इथे असावं असं वाटलं.

खलबत्ता

उंबरठा, बरं झालं लिहिलंत. हे इथे असायलाच हवं. माझ्या नोकरीत मी रोज यकृताची औषधं देते, त्या रांगेत उभी असलेली माणसं मला दिसतात. त्यांच्या घरची माणसंही दिसतात.

तुमचं वाचल्यावर मला रेमोसबद्दलचीच एक गोष्ट आठवली. त्याच्या सलूनमध्ये कुणी जास्त घेतल्याचं दिसलं की त्याला पुढचा पेला मिळत नसे, आणि तो संध्याकाळी आठला दार बंद करी. आपल्याकडे येणाऱ्याने जेवायच्या वेळी घरी असावं असा त्याचा नियम होता. ऑक्टोबर १९१९मध्ये दारूबंदी लागू होऊ लागली तेव्हा बाकीचे मागच्या दाराने विकायला लागले. याने सलून बंद केलं आणि पुन्हा बारमागे उभा राहिला नाही. १९२८ला तो गेला. त्याआधी त्याने आपली कृती वर्तमानपत्राला छापायला देऊन टाकली, म्हणून ती आज आपल्याकडे आहे. यामुळे तुमचं दुःख हलकं होणार नाही हे मला कळतं.

उंबरठा

धन्यवाद. आठ वाजता दार बंद करणारा बारवाला आमच्या गावात असता तर, असं मनात आलं.

मांडवी

पणजीहून लिहितेय. कॉकटेलच्या आधी जगभर 'पंच' होतं, आणि त्याचा धागा आपल्याकडे येतो. १६३२ सालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या भारतातून लिहिलेल्या पत्रात 'पंच' हा शब्द पहिल्यांदा सापडतो. बरेच जण तो 'पाच'शी जोडतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. काही जण तो पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. पण हे पंच ज्या दारूवर उभं होतं ती इथलीच. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'गोवा अरॅक' नावाने विकली जाणारी दारू माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, काढलेली. काजू फेणीचं नाव आज जास्त झालं, पण माडाची त्याहून जुनी.

आणि १८६२ला न्यूयॉर्कमध्ये निघालेलं कॉकटेलचं पहिलं पुस्तक, जेरी टॉमसचं, उघडून बघा. सुरुवातीची पानंच्या पानं पंचची आहेत, कॉकटेल्स मोजकी. त्या मोजक्यांच्या शेजारीच न्यू ऑर्लिन्सचं एक नाव आहे: जोसेफ सँटिनीची 'ब्रँडी क्रस्टा'. साखर लावलेली पेल्याची कड आणि आत लिंबाच्या सालीचं गोल कडं. कॉकटेलमध्ये लिंबाचा रस घालायची सुरुवात त्याने केली असं मानतात. आज जे आंबट कॉकटेल कुणीही मागवतो त्याचा तो पूर्वज.

जुनी कात्रणं

मांडवी, सँटिनीची आठवण काढलीत हे छान झालं. त्याचं नाव फार कमी लोक घेतात.

माँटेलिओन हॉटेलचं 'व्ह्यू कारे' राहिलं. १९३०च्या दशकात तिथल्या वॉल्टर बर्जरनने केलं, १९३७ला स्टॅन्ली आर्थरच्या पुस्तकात छापलं गेलं. नावाचा अर्थ 'जुना चौक', म्हणजे फ्रेंच क्वार्टर. राय, कॉन्यॅक, गोड व्हर्मुथ, थोडं बेनेडिक्टिन, आणि दोन्ही बिटर्स, पेशो आणि अँगोस्टुरा. इथे राय आणि कॉन्यॅक एकाच पेल्यात शेजारी बसलेत, आणि याला छापील पुरावा आहे. ज्यांना सॅझरॅकमध्ये कॉन्यॅक हवं की राय यावर भांडायचंय त्यांनी हे प्यावं.

चहाटपरी

पुण्यात घरी सॅझरॅक करायचं असेल तर? पेशोज बिटर्स मला कुठे दिसले नाहीत.

खलबत्ता

चहाटपरी, प्रमाण असं: राय ६० मिली, साखरेचा एक खडा, पेशोचे तीन-चार शिंतोडे, आणि पेल्याला आतून पुसण्यापुरतं अ‍ॅब्सिंथ किंवा अर्बसँ. लिंबाची साल पिळायची, आत टाकायची की नाही यावर लोक कडाक्याने वाद घालतात. मी टाकत नाही. पेशो नसेल तर अँगोस्टुरा चालवतात, पण तो लवंग-दालचिनीकडे झुकतो, बडीशेपेची बाजू हरवते. कुणी अमेरिकेहून येणार असेल तर एक बाटली मागवा. औषधाच्या बाटलीएवढीच असते आणि वर्षभर पुरते.

बारामागून, तुमचा नावांचा मुद्दा माझ्या मनातून जात नाही. न्यू ऑर्लिन्सच्या सार्वजनिक वाचनालयात शहराच्या जुन्या नामावल्या आहेत, माणसाचं नाव, धंदा आणि पत्ता अशा नोंदी. पुढच्या खेपेला १९१५च्या आसपासच्या खंडांमध्ये रेमोसच्या 'स्टॅग' या नंतरच्या सलूनच्या पत्त्यावर कोण कोण नोंदलंय ते बघणार आहे. सापडलं तर इथेच लिहीन.

बारामागून

नक्की बघा. एक नाव मिळालं तरी मला कळवा.

द्राक्षबाग

ताई, एक राहिलं होतं. आज बागेत होतो, म्हणून लिहितो. कलम कितीही चांगलं बसलं, वेल कितीही जुना झाला, तरी खालच्या खुंटाला दर हंगामात फूट येतेच. तिचं पान वरच्या द्राक्षाच्या पानासारखं नसतं, लगेच ओळखू येतं. ती फूट वेळेवर काढली नाही तर वरचा वेल मागे पडतो. आज सकाळी तीन ओळींमधली काढली. पाऊण टोपली भरली.